पान संपू दे, मग बोलू

‘तुम्ही नोकरी कुठं केलीत?’ असं कुणी विचारलं की मी अजून अडखळते. केली म्हणावी, तर कुठल्या मस्टरवर माझी सही नाही आणि निरोपाचा नारळही मला कुणी दिला नाही. नाही केली म्हणावी, तर विश्रामबागेतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत मी सतरा वर्षं मराठी टायपिंग केलं. सांगलीतल्या किती प्राध्यापकांचे प्रबंध, किती लग्नाळू मुलींच्या माहितीपत्रिका आणि नगरपालिकेकडे गेलेल्या किती तक्रारी माझ्या बोटांखालून गेल्या, त्याचा हिशोब मी ठेवला नाही. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, ‘घरी बसून काम करणाऱ्या आईबद्दल लिहा.’ त्यातला ‘बसून’ हा शब्द मला जरा टोचला, पण लिहायला घेतलं.

मी मूळची वाईची. मॅट्रिकनंतर साताऱ्याला एका इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकले, मिनिटाला तीस शब्दांची आणि चाळीसची अशा दोन्ही परीक्षा दिल्या. लग्नानंतर सांगलीला आले. ह्यांची नोकरी माधवनगरच्या एका गिरणीत, तीही पाळीची. सासूबाई गावाकडं धाकट्या दिरांजवळ. त्यामुळे मनू झाली तेव्हा तिला कुणाच्या ओटीत घालून मी कचेरीत जाणार, असा प्रश्नच नव्हता. एक इन्स्टिट्यूट बंद पडत होतं, तिथलं जुनं मराठी मशीन आम्ही घेतलं. ह्यांनी ते सायकलच्या कॅरिअरवर बांधून, स्वतः चालत, घरी आणलं. रस्त्यात दोघांनी विचारलं म्हणे, ‘शिलाई मशीन का हो?’

ज्यांनी मराठी टाइपरायटर पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. त्यावर ‘ग’ नावाचं बटणच नव्हतं. आधी अर्धा ग मारायचा, मग त्याला काना देऊन तो पुरा करायचा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, दुसरी नंतर. मात्रा मारली की कागद पुढं सरकत नाही, अक्षर मारलं की सरकतो. म्हणजे डोक्यात शब्द ‘किती’ असला तरी बोटांना आधी वेलांटी आठवायला लागते. त्यातून प्रबंध असला तर मूळ कागदाखाली चार कार्बन. एक अक्षर चुकलं की पाचही प्रती उचलायच्या, प्रत्येकीमागं कागदाचा कपटा सरकवायचा, खोडरबरानं हलकं घासायचं, कपटे काढायचे, आणि मग बरोब्बर त्याच जागी पुन्हा ठोकायचं. एका वेलांटीला पाच मिनिटं. म्हणून टायपिस्ट बाई कामात असताना तिच्याशी कुणी बोलू नये, असं शास्त्र होतं.

हे शास्त्र मी माझ्या मुलीला ती तीन वर्षांची असताना शिकवलं. तिनं काही म्हटलं की मी मान न उचलता म्हणायची, ‘पान संपू दे, मग बोलू.’ बिचारी थांबायची. तिला पान संपल्याचं ओळखूही यायला लागलं. रोलरचा कर्र आवाज झाला की ती पडद्याआडून यायची. बहुतेक वेळा तोवर तिला काय सांगायचं होतं ते ती विसरलेली असायची.

एकदा मी पाणी प्यायला उठले तर मनू पायरीवर बसून बाहुलीला रागावत होती. ‘आत्ता नको गं. पान संपू दे.’ आवाज माझा, हेलही माझाच. मी पाणी न पिताच परत आले.

नोकरीला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, ‘तुझं बरं आहे बाई, मुलगी डोळ्यांसमोर असते.’ शेजारच्या लिमयेकाकू म्हणायच्या, ‘घरातच असतेस ना, मग काय!’ त्या दोघींनाही मी हसून ‘हो ना’ म्हणायची. पण नोकरीवालीची मुलगी पाळणाघरात असली की तिला आई बाहेर गेली हे तरी कळतं. माझी मुलगी माझ्यापासून तीन हातांवर बसलेली असायची आणि मी तिथं नसायची. हे कुणाला सांगायचं? सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, ‘मग करू नकोस काम.’ आणि खरं सांगायचं तर मला ते करायचं होतं. नुसत्या घरखर्चासाठी नव्हे. पाचही प्रती स्वच्छ निघाल्या की मी पंख्याखाली ते कागद धरून एकटीच बघत बसायची. तो आनंद मला मुलीच्या पहिल्या पावलाइतकाच व्हायचा, आणि तसा होतो याचीच जास्त बोच होती.

गिऱ्हाइकं मात्र एकाहून एक. एक निवृत्त अण्णा होते, मोकाट म्हशींविरुद्ध दर महिन्याला अर्ज टाइप करून न्यायचे. मसुदा तोच, म्हशी फक्त वाढायच्या. एक आई मुलीची माहितीपत्रिका घेऊन आली. ‘रंग निमगोरा’ टाइप करून झाल्यावर म्हणाली, ‘त्यातला निम खोडता येईल का?’ मी खोडला. पाच प्रतींतून. पुढं ती मुलगीच एकटी आली आणि म्हणाली, ‘काकू, पुन्हा करून द्या, सावळी लिहा.’ तेही केलं, आणि त्या एका कामाचे मी पैसे घेतले नाहीत.

कानडे सर त्यातले सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. कॉलेजात मराठी शिकवायचे. कृष्णाकाठच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांवर त्यांचा प्रबंध होता, साडेचारशे पानांचा. माणूस मऊ, पण लिहिलेलं बदलायची सवय. टाइप झालेलं पान हातात घेऊन उभ्या उभ्या वाचायचे आणि म्हणायचे, ‘बाई, हा एवढा एकच शब्द.’ त्या एका शब्दानं सबंध परिच्छेद खाली सरकायचा. तरी मला त्यांचा राग यायचा नाही. ओव्या वाचताना त्यांचा चष्मा ओला व्हायचा, हे मी पाहिलं होतं.

आणि मायाक्का. तिला गिऱ्हाईक म्हणावं की काय, मला आजही ठरवता येत नाही.

त्या काळी विश्रामबागेच्या मागं सगळी शेतंच होती. दिवाळीनंतर जतकडून धनगर मेंढरं घेऊन नदीकाठाला यायचे. शेतकरी आपल्या मोकळ्या रानात त्यांची मेंढरं बसवून घेत, लेंडीखत मिळतं म्हणून. आमच्या घरामागच्या मळ्यात धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसकट तळ, उतरला होता, आणि त्यातली एक बाई आमच्या नळावर पाणी भरायला यायची. उंच, काटक, हातांत कोपरापर्यंत चांदीची कडी. एक दिवस घागर भरता भरता ती खिडकीशी येऊन उभी राहिली.

“बाई, ह्ये छापतंय व्हय?”

मी म्हटलं, “हो, छापल्यासारखंच.”

“मंजी पुस्तकात असतंय तसं अक्षार?”

“तसंच.”

ती घागर तशीच ठेवून दारात आली. तिची मुलगी लक्ष्मी जतकडच्या एका आश्रमशाळेत दुसरीला होती. तिथंच राहायची. मायाक्का सांगत होती, “आमी वरीसभर ह्या रानातनं त्या रानात. तिची शाळा कशी व्हायची? म्हनून ठिवली. कुनाकडनं तरी चिठ्ठी लिवून धाडती म्या, पर तिला हातानं लिवल्यालं वाचाया येत न्हाई. मास्तर वाचून दावत्यात. मास्तरांच्या तोंडनं आईचं बोलनं काय कळनार? छापील तिचं तिला वाचाया येतंय.”

मी कागद चढवला. पहिलं पत्र चार ओळींचं झालं. जास्त बोलायचं तिला सुचेना. मनू माझ्या कोपराशी उभी होती. तिनं विचारलं, “मायाक्का, तुझी कोकरं किती आहेत ते सांग ना तिला.” मग मायाक्का सुटली. काळ्या मेंढीला दोन झालीत, एकाच्या कपाळावर पांढरा टिपका हाय, खंड्या कुत्र्याचा पाय बरा हाय. पत्र पानभर झालं. त्या हिवाळ्यात तिनं अशी तीन पत्रं नेली. प्रत्येक वेळी मनू सोबत. मनू तेव्हा सहा वर्षांची होती, म्हणजे लक्ष्मीहून एक वर्षानं लहान.

जानेवारीत कानडे सरांचा प्रबंध विद्यापीठात द्यायची तारीख जवळ आली. शेवटची तीन प्रकरणं माझ्याकडं होती. मनूची शाळा सकाळची, बाराला घरी यायची. त्या दिवशी तिला जेवू घातलं आणि मी मशीनला बसले ते बसलेच. ओव्यांच्या ओळी लांबीनं वेगवेगळ्या, प्रत्येक ओळ मोजून मध्यावर आणायची. मी अशी बुडाले होते की अंगणात उन्हं कधी कलली ते कळलं नाही.

साडेचारच्या सुमाराला रोलर कर्र केला, पान काढलं, आणि पडद्याआडून कुणी आलं नाही.

“मनू,” मी हाक मारली.

बाहुली पायरीवर होती. मनूच्या चपला नव्हत्या. मागच्या अंगणात बघितलं, न्हाणीत बघितलं. लिमयेकाकूंकडं गेले. त्या म्हणाल्या, “माझ्याकडं नाही आली गं. तू घरातच होतीस ना?” त्यांनी साधेपणानं विचारलं होतं. मी घरातच होते. माझ्या पुढच्या दारातून माझी मुलगी बाहेर गेली होती, आणि ती कधी गेली हेसुद्धा मला सांगता येत नव्हतं.

शाळेच्या फाटकापर्यंत धावत गेले. फाटक बंद. मग मागच्या मळ्यातली विहीर आठवली आणि माणसं बोलवायला मी कोपऱ्यावर पळाले. तिथल्या दुकानदारानं गिरणीत फोन लावून ह्यांना निरोप ठेवला. तोवर गल्ली गोळा झाली. तेवढ्यात दुधाच्या किटल्या घेऊन येणारा एक सायकलवाला थांबला आणि म्हणाला, “एक ल्हान पोरगी? लाल फ्रॉक? आवं, ती दोन-अडीचलाच एका धनगरनीबरुबर मळ्याकडं गेली की. हात धरून चालली हुती.”

झालं. कुणीतरी ओरडलं, “धनगरणीनं पोर नेली!” कुणी विचारलं नाही, कुणी थांबलं नाही. सहा-सात पुरुष मळ्याकडं धावले. दोघांच्या हातात काठ्या होत्या, एकानं वाटेत कुंपणाचा दांडा उपसला. मी त्यांच्यामागून धावत होते. पदर कमरेला, पायात चप्पल नाही. मला मायाक्काचा संशय आला नाही असं मला लिहायला आवडलं असतं. पण आला होता. त्या शंभर पावलांत मी तिच्याबद्दल नाही नाही ते मनात आणलं.

वाड्याशी पोचले तेव्हा माणसांनी मायाक्काला घेरलं होतं. खंड्या भुंकत होता. तिचा नवरा रानात मेंढरांमागं, ती आणि एक म्हातारी एवढ्याच तिथं होत्या. एकानं तिचा दंड धरून हिसडा दिला, तिचं एक कडं निसटून मातीत पडलं. आणि मनू? ती कोकरं कोंडायच्या जाळीच्या आत मांडी घालून बसली होती. मांडीवर कोकरू. एवढी माणसं ओरडत आली म्हणून ती भेदरली होती, बाकी तिला काहीही झालं नव्हतं.

मायाक्कानं मला पाहिलं आणि तिच्या तोंडावर हायसं वाटल्याचं दिसलं. “आवं बाई, सांगा की ह्यास्नी! म्या इचारलं न्हवं तुमास्नी, पोरीला कोकरं दावून आनू का म्हनून? तुमी हं म्हनाला की!”

सगळे माझ्याकडं वळले.

मला आठवत नव्हतं. खरोखर आठवत नव्हतं. ती दारात येऊन गेली होती, काही बोलली होती, यातलं काही म्हणजे काही माझ्या डोक्यात नव्हतं. काठीवाला म्हणाला, “वहिनी, ही खोटं बोलते. तुम्ही फक्त नाही म्हणा.”

तेवढ्यात मनू म्हणाली, “आई, तू हं म्हणालीस. मी पण विचारलं, जाऊ का. तेव्हा पण हं म्हणालीस.”

आणि मला कळलं की मी म्हणालेच असणार. दिवसातून पन्नास वेळा मी तसा ‘हं’ म्हणायची. तो कशाला होता हे मला कधीच माहीत नसायचं. क्षणभर, फक्त क्षणभर, वाटलं की गप्प राहावं. आख्खी गल्ली जमलेली. पोर कुणाबरोबर गेली हे न कळणारी आई, असं नाव पडणार. पण त्या माणसाची मूठ अजून मायाक्काच्या दंडावर होती.

मी मोठ्यानं म्हटलं, “हो. तिनं विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. चूक माझी आहे, सोडा तिला.”

मूठ सुटली. लोक पांगले. जाताना कुणीतरी म्हणालं, “मग गाव कशाला गोळा केलंत?” ते योग्यच होतं. मी मातीतलं कडं उचललं, पदरानं पुसलं आणि मायाक्काच्या हातात दिलं. तिला ते चढवता येईना. मग मीच चढवलं.

ह्यांना निरोप मिळाला तसे ते पाळी सोडून आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चूक झाली, पोर सापडली. आता पुढं काय करायचं ते शांतपणानं ठरव.” शांतपणा माझ्याजवळ कुठला? मी त्याच संध्याकाळी मशीनवर खोळ चढवली, वर जाजम टाकलं आणि जाहीर केलं की आजपासून टायपिंग बंद.

दुसऱ्या दिवशी कानडे सर आले. मी त्यांना अर्धवट प्रकरणं परत दिली आणि कारण सांगितलं. मला वाटलं होतं ते हबकतील. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “बाई, मुदत मी वाढवून मागतो. ती मिळते. पण हे कागद मी नेत नाही, इथंच ठेवतो. दुसऱ्याकडून टाइप करून घेतलं तर तो ओव्यांच्या ओळी मध्यावर आणायचा नाही.” आणि गठ्ठा टेबलावर ठेवून निघून गेले.

पुढचे पंधरा दिवस मी अगदी आदर्श आई झाले. मनू शाळेतून आली की मी दारात उभी. ती जेवायला बसली की समोर मी. चित्र काढायला बसली की शेजारी मी. बेसनाचे लाडू, गोष्टी, पत्ते. ती अंगणात गेली की मी पायरीवर. सगळा वेळ तिला दिला आणि तरी घरात काहीतरी बिघडलंय असं वाटायचं. मनू गप्प गप्प झाली. एक दिवस पत्ते टाकून म्हणाली, “आई, तू माझ्याकडं सारखं का बघतेस?” मला वाटलं, भ्यायली आहे अजून. मी आणखी जवळ सरकले.

अशात एका दुपारी मायाक्का आली. त्या दिवसानंतर ती आमच्या नळावर आली नव्हती, लांबून कालव्यावरून पाणी नेत होती. उंबऱ्याबाहेरच थांबली.

“बाई, आमी उद्या म्होरं जातोय. लक्षीला कागद धाडायचा हुता. तुमी दारात उबं करून घेशिला का न्हाई, मला म्हाईत न्हवतं.”

मी म्हटलं, “मायाक्का, तुला माझ्यापायी मार बसला असता.”

“बसला न्हाई न्हवं? तुमी बोलला की.” ती उंबऱ्यावर टेकली. “माज्या लक्षीला ठिवून आले, तवा ती निजली हुती. उटल्यावर रडल म्हनून निजल्यालीच सोडली. त्येला दोन वरसं झाली. रोज वाटतंय, उटवून सांगाया पायजे हुतं. माज्या हातनं झालं त्ये तुमच्या हातनं झालं. दोगी बी कामाच्या बाया. पर तुमची पोर सांजच्याला घरी आली, बाई.”

मनू आतून पळत आली आणि कुणी सांगायच्या आधी तिनं जाजम ओढलं, खोळ काढली. “आई, कागद लाव.”

मी कागद लावला. मायाक्का सांगत गेली. काळ्या मेंढीची कोकरं आता चरायला लागली. खंड्याला एकदा लांडगा दिसला. मग मधेच तिनं थांबून, जमिनीकडं बघत सांगितलं, “लिवा, लक्षे, तुला निजल्याली सोडून आले त्ये माजं चुकलं. आता येईन तवा जागी आसताना येईन आन जागी आसताना जाईन.” एवढं बोलून तिनं पदर तोंडात घातला आणि खांदे हलवत रडली. मी मुद्दाम सावकाश टाइप करत राहिले. तिच्या बोलण्यातलं ‘निजल्याली’ मी ‘झोपलेली’ करणार होते, पण नाही केलं. लक्ष्मीला तिच्या आईचाच शब्द वाचायला मिळू दे म्हटलं.

पान काढून हातात दिलं, तेव्हा मायाक्कानं ते उलटसुलट करून बघितलं आणि घाबरून विचारलं, “बाई, म्या रडले त्ये न्हाई न्हवं छापलं ह्यात?”

“नाही गं.”

“मग ब्येस.” तिनं कागद चोळीत ठेवला. मनूच्या गालाला बोटं लावून कडाकडा मोडली आणि गेली. पुढच्या हिवाळ्यात त्या मळ्यात प्लॉट पडले होते. मेंढरं तिकडं आली नाहीत. मायाक्का मला पुन्हा भेटली नाही.

ती गेल्यावर मशीन उघडंच राहिलं. मनूनं टेबलावरचा गठ्ठा पुढं सरकवला. “आता सरांचं कर.” मी बसले. दोन ओळी झाल्या आणि तिनं काहीतरी विचारलं. माझ्या घशात ‘हं’ आला होता. मी दोन्ही हात मशीनवरून उचलले, मांडीवर ठेवले आणि तिच्याकडं बघून विचारलं, “काय म्हणालीस?”

“काही नाही. मुंगी आहे म्हटलं.”

मी मुंगी बघितली आणि पुन्हा ओळ शोधली. तिथून पुढची सगळी वर्षं मी हे एवढंच पाळलं. कुणी बोललं की हात उचलायचे. ‘आत्ता नाही, अर्ध्या तासानं’ असं सांगायचं असलं तरी हात उचलून, तोंड बघून सांगायचं. काम त्यामुळं हळू झालं, गिऱ्हाइकांनी नावं ठेवली. पुष्कळदा मी हा नियम मोडलाही. अपराधीपणा काही खोळीसारखा काढून ठेवता आला नाही. पण त्याच्याबरोबर काम करता येतं, हे कळलं. कानडे सरांचा प्रबंध त्या उन्हाळ्यात गेला. त्यांनी प्रस्तावनेत माझे आभार मानले होते, आणि ते पान टाइप करतानाच माझ्या हातून एक वेलांटी चुकली. पाच प्रती.

पुढं कॉम्प्युटर आले. तेही शिकले मी. मनू वाढली, शिकली, आता पुण्यात असते. तीही घरूनच काम करते, आणि तिला चार वर्षांचा मुलगा आहे. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी तिला फोन केला. इतकी वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, “मनू, त्या मळ्यातल्या दिवसाचा तुला किती त्रास झाला गं?”

“कुठल्या? कोकराच्या? आई, तो माझ्या लहानपणातला सगळ्यात भारी दिवस होता. शेवटी ती माणसं आली तेवढं सोडलं तर.”

“आणि मी लक्ष द्यायची नाही, ‘पान संपू दे’ म्हणायची, ते?”

“ते होतंच. राग यायचा कधी कधी. पण मला वाईट वाटलं ते त्याच्यानंतर. तू मशीन बंद केलंस ना, तेव्हा. दिवसभर माझ्यासमोर बसायचीस आणि तुझं तोंड एवढंसं झालेलं. मला वाटायचं, मी कोकरं बघायला गेले म्हणून आईचं काम गेलं. मी देवाला सांगायची की मी परत कुठं जाणार नाही, पण आईचं मशीन सुरू होऊ दे.”

तीस वर्षं मी एका दिवसाची बोच बाळगली होती आणि तो दिवस तिनं मजेत घालवला होता. ज्या पंधरा दिवसांची मला मनातून जरा शाबासकी वाटायची, त्या दिवसांत माझी सहा वर्षांची मुलगी स्वतःला दोष देत होती, आणि मी लाडू वळत होते.

“अगं, मग तेव्हा बोलायचं होतंस!”

“तू सारखी बघत होतीस ना, बोलू कशी?” ती हसली. मीही हसले, जरा रडत. मागं तिच्या मुलाचा आवाज आला, “आई, आई, हे बघ.” मनूनं त्याला काय उत्तर दिलं ते मला नीट ऐकू आलं नाही. बोलायचं पुष्कळ होतं, पण मीच म्हटलं, “जा, तो बोलावतोय,” आणि फोन ठेवला.